ॲनिमलचे ड्रम खरं कोण वाजवत होतं? – बडी रिच आणि 'द मपेट शो'

साइडऱ्हिदम

गेल्या रविवारी भाचा घरी आला होता. बारा वर्षांचा आहे, सहा महिने झाले ड्रम शिकतोय. त्याला म्हटलं, बस, तुला एक सवाल-जवाब दाखवतो. आणि 'द मपेट शो' या बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमातली बडी रिच विरुद्ध ॲनिमल ही लढत लावली. शेवटच्या, म्हणजे पाचव्या पर्वातली आहे, १९८०-८१ ची.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका सेटवर बडी रिच. जॅझच्या दुनियेत वेग आणि सफाई यासाठी ज्याचं नाव घेतात तो ड्रमर, तेव्हा साठीच्या घरात आलेला. दुसऱ्या सेटवर ॲनिमल, मपेट मंडळींच्या 'इलेक्ट्रिक मेहेम' बँडचा ड्रमवाला. लाल फर, विस्कटलेल्या झिपऱ्या, गळ्यात पट्टा आणि साखळी. रिच एक तुकडा टाकतो, ॲनिमल उत्तर देतो. रिच चढवतो, ॲनिमलही चढवतो. होता होता अशी वेळ येते की रिचचे हात फक्त धूसर दिसतात, आणि बाहुल्याला उत्तर सुचत नाही. मग तो चिडून चक्क एक ड्रम उचलून रिचच्या डोक्यात घालतो.

भाचा हसून हसून लोळला. मग थांबला आणि म्हणाला, "मामा, पण ॲनिमलचं खरं कोण वाजवतंय?"

मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात तुंबा, बोंगो, खंजिरी आणि नंतर ऑक्टोपॅड वाजवलाय. हा प्रश्न मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच पडायला हवा होता, तो एका पोराला पडला. कारण नीट ऐकलं की कळतं, रिचला मिळणारी उत्तरं कुणा ऐऱ्यागैऱ्याची नाहीत. स्नेअरवरचा रोल घट्ट आहे, दाणा न् दाणा वेगळा ऐकू येतो. रिचने टाकलेला तुकडा लक्षात ठेवून, त्याच मापात, थोडा वाकडा करून परत दिलेला आहे. रिचच्या समोर बसून हे करायला छाती लागते.

तर तो माणूस म्हणजे रॉनी व्हेरेल. इंग्रज ड्रमर, जन्म १९२६. बाहुला हलवत होते फ्रँक ऑझ (मिस पिगी आणि फॉझी अस्वलही त्यांचंच), आणि ड्रमचा आवाज व्हेरेलचा. कॅमेऱ्यासमोर रिच आणि लाल फरचा गोळा. ज्याने रिचला उत्तरं दिली तो माणूस चौकटीत नाहीच.

आणखी एक गोष्ट. कार्यक्रमाचा संगीत संचालक होता जॅक पार्नेल. हाही मुळात ड्रमर, टेड हीथच्या बिग बँडमधला. टेड हीथ म्हणजे त्या काळातला ब्रिटनचा सगळ्यात नावाजलेला डान्स बँड. १९५१ मध्ये पार्नेलने तो बँड सोडला, तेव्हा त्याच्या खुर्चीवर बसला रॉनी व्हेरेल, आणि पुढे बरीच वर्षं बसून राहिला. म्हणजे मपेट शोच्या वाद्यवृंदासमोर काठी घेऊन उभा असलेला आणि मागे ड्रमवर बसलेला, दोघेही एकाच खुर्चीवर घासून तयार झालेले. मुलांच्या कार्यक्रमाला एवढे तयारीचे वादक कशाला, असं वाटेल. पण म्हणूनच ती लढत आजही ऐकवते.

इथे वाजवणारी, ऐकणारी बरीच मंडळी आहेत. तुमच्याकडे काय आठवणी, काय माहिती आहे, ते लिहा.

---

उत्तर_लंडन

धागा वाचून फार बरं वाटलं, कारण ते ठिकाण माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. सगळे 'एल्स्ट्री' म्हणतात, पण स्टुडिओ खरा बोरहॅमवुड गावात. एटीव्ही या ब्रिटिश टीव्ही कंपनीचा होता. मपेट शो संपल्यावर काही वर्षांनी, १९८४ मध्ये, बीबीसीने तो घेतला आणि १९८५ पासून 'ईस्टएंडर्स' ही मालिका तिथे चालते. मी रोज त्या भिंतीवरून बस पकडते.

इकडच्या बऱ्याच लोकांना मपेट शो अमेरिकन वाटतो. माणसं अमेरिकन होती, पण अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी मपेटचा जनक जिम हेन्सनला नकार दिला होता. त्याच्याच बाहुल्यांचं, लहान मुलांसाठीचं 'सेसमी स्ट्रीट' १९६९ पासून चालू होतं, त्यामुळे बाहुल्या म्हणजे चिमुरड्यांचं काम, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ते पुसायला हेन्सनने १९७५ च्या नमुना-भागाचं नावच 'सेक्स अँड व्हायोलन्स' ठेवलं. शेवटी लंडनच्या लू ग्रेड यांनी, म्हणजे एटीव्हीच्या प्रमुखांनी, हात दिला. म्हणून १९७६ ते १९८१, पाच पर्वं, १२० भाग, सगळे बोरहॅमवुडमध्ये झाले. आणि ब्रिटनमध्ये झाले म्हणूनच पार्नेल, व्हेरेल ही जॅझमधली इंग्रज मंडळी त्यात आली. अमेरिकेत झाला असता तर ॲनिमलचे हात दुसऱ्या कुणाचे असते.

रोल्फ नावाचा पियानो वाजवणारा कुत्रा आठवतोय? त्याचा पियानो डेरेक स्कॉट वाजवायचे, तेही याच वाद्यवृंदातले. रोल्फला चालवायला दोन माणसं लागत. हेन्सनचा एक हात रोल्फच्या तोंडात, दुसरा रोल्फच्या डाव्या पंजात, आणि उजवा पंजा दुसऱ्याच कलाकाराचा. त्या दोघांचे हात आणि स्कॉटचा पियानो जुळला पाहिजे. सेट उंचावर बांधलेले असत, बाहुलीकार खाली उभे, हात डोक्याच्या वर, आणि नजर जमिनीवर ठेवलेल्या मॉनिटरवर. मॉनिटरमध्ये आरशासारखं उलटं दिसत नाही. म्हणजे आपण उजवीकडे हललो की बाहुली समोर डावीकडे जाताना दिसते. हे अंगवळणी पडायलाच वर्षं जातात.

---

तीनताल

साइडऱ्हिदम दादा, एक गोष्ट तुमच्याकडून राहिली, ती मी सांगते. ॲनिमलसमोर बसण्याआधी बारा-तेरा वर्षं बडी रिच उस्ताद अल्लारखाँसमोर बसला होता! १९६८ ची तबकडी आहे, 'रिच आ ला राखा'. तिच्या मांडणीत पंडित रविशंकर होते, बासरी पॉल हॉर्नची. माझ्या काकांनी ती चोरबाजारातून आणली होती. कव्हर वाळवीने खाल्लेलं, तबकडी मात्र धडधाकट. लहानपणी मी ती तबल्याच्या बाजूनेच ऐकायचे. आता ऐकते तेव्हा रिच कसा दबून, अंदाज घेत वाजवतोय ते जाणवतं. तालाची चौकट दुसऱ्याची आहे, आणि त्या चौकटीचा मान त्याने ठेवलाय. ज्याच्या तापट स्वभावाच्या इतक्या गोष्टी सांगतात, त्याच माणसाचा हा संयम मला फार भावतो.

आता मपेटमधल्या लढतीकडे. जॅझमध्ये वादक चार-चार बारची देवाणघेवाण करतात, त्याला 'ट्रेडिंग फोर्स' म्हणतात. एका बारमध्ये चार मात्रा. चार बार म्हणजे सोळा मात्रा. सोळा मात्रा म्हणजे आपलं तीनतालाचं एक आवर्तन! माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. फरक एवढाच की आपलं वजन समेवर पडतं, तर त्यांची हाय-हॅट, म्हणजे पायाने वाजणारी झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चावते. कुठलंही जॅझ ऐकताना पहिल्या मात्रेवर टाळी देऊन बघा आणि मग दुसऱ्या-चौथ्यावर देऊन बघा. दुसऱ्या वेळी गाणं आपोआप झुलायला लागतं.

---

शुद्ध_मध्यम

चर्चा छान चाललीये, पण मला मनापासून खटकतं ते लिहितो. बडी रिचने आयुष्य घालवून मिळवलेली विद्या, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर बाहुल्याने डोक्यात ड्रम घातला. यूट्यूबवर त्याच्या मैफलींपेक्षा लोक हेच शोधतात. आपल्याकडे एखाद्या मोठ्या तबलजीला असं बसवलं असतं तर आपल्याला सहन झालं असतं का? कलाकाराने स्वतःची पायरी सांभाळावी असं मला वाटतं. राग मानू नये.

---

साइडऱ्हिदम

शुद्ध_मध्यम, राग कशाला मानू. पण रिच कुठून आला ते बघा. त्याचे आईवडील व्हॉडव्हिलमधले. म्हणजे गाणी, नकला, कसरती, जादू असं सगळं एकाच रंगमंचावर. पोरगा दोन वर्षांचा व्हायच्या आत त्यांनी त्याला ड्रमसकट प्रेक्षकांसमोर उभं केलं. 'ट्रॅप्स, द ड्रम वंडर' असं नाव लावून तो गावोगाव फिरला. तो कुठल्या संगीतशाळेत शिकला नाही, त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. बँडने एकदा वाजवून दाखवायचं, की त्याच्या डोक्यात बसायचं.

आणि मपेट शो म्हणजे तरी काय? पडका थिएटर, विंगेत गोंधळ, बिनविनोदी विदूषक, वरच्या बाल्कनीतून शेरे मारणारे दोन म्हातारे. ते व्हॉडव्हिलच आहे. त्या माणसाला त्याच्या आजोळी नेऊन बसवल्यासारखं झालं. तो तिथे पायरी उतरून आला नव्हता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आपल्या तमाशात बघा ना. गणगौळण झाली, बतावणी झाली, सोंगाड्याने लोकांना हसवलं, आणि त्याच फडावर ढोलकीवाला जे काही काढतो ते ऐकून मोठमोठे तबलजी मान डोलावतात. सोंगाड्या शेजारी उभा आहे म्हणून ढोलकी लहान होत नाही.

---

तीनताल

+१. आणि हेही बघा की विनोद रिचच्या वाजवण्यावर केलेला नाही. तो वाजवतो तेव्हा कुणी मध्ये बोलत नाही, कॅमेरा हातांवरून हलत नाही. विनोद हरल्यावरच्या चडफडीवर आहे.

याच्या उलट उदाहरण पहिल्या पर्वात आहे. अभिनेत्री-गायिका रीटा मोरेनो 'फीव्हर' गातेय, अगदी हळू आवाजात, आणि मागे ॲनिमल मध्येच धाडधाड तुकडे मारतोय. ती स्पॅनिशमध्ये दम देते, तो ऐकत नाही, शेवटी त्याचं डोकं दोन झांजांमध्ये धरून आपटते. त्या भागासाठी मोरेनोंना १९७७ मध्ये एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. प्रत्येक साथीदाराने बघावं असं आहे ते. गायक शांत असताना हात आवरायचा असतो, हे सांगायला मला वर्गात अर्धा तास लागतो, तिथे तीन मिनिटांत होतं.

---

तुतारी

मी ब्रासवाला, त्यामुळे जॅझमधल्या डिझी गिलेस्पी या ट्रम्पेटवाल्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. चौथ्या पर्वात तो पाहुणा होता. 'स्विंग लो, स्वीट कॅडिलॅक' हे त्याचं गाणं तिथे आहे, जुन्या भक्तिगीताची चाल घेऊन केलेलं.

मला मपेटमध्ये डिझी फार शोभून दिसतो. त्याचे गाल फुगले की बेडकाच्या गळ्यासारखे होतात, आणि शेजारी कार्यक्रमाचा सूत्रसंचालक कर्मिट हा बाहुला, तोही बेडूकच. कुठलाही मास्तर विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो, गाल फुगवायचे नाहीत, हवा पोटातून आली पाहिजे. मलाही सांगितलं होतं, गालांवर बोटं दाबून. आणि जगातला हा एवढा मोठा ट्रम्पेटवाला आयुष्यभर गाल फुगवून वाजवत राहिला.

त्याच्या ट्रम्पेटचं तोंड वर का वळलेलं, हे इथे काहींना कंपनीची रचना वाटत असेल. तसं नाही. १९५३ मध्ये त्याच्या बायकोच्या, लॉरेनच्या, वाढदिवसाची पार्टी होती न्यूयॉर्कमध्ये. ट्रम्पेट स्टँडवर ठेवलेला, विनोदी नाच करणाऱ्या जोडीतला एक जण त्यावर पडला. घंटेसारख्या तोंडाकडचा भाग वाकला. डिझीने तसाच वाजवून बघितला, तर त्याला स्वतःचा आवाज जास्त स्पष्ट ऐकू यायला लागला. पुढे त्याने ४५ अंशात वळवलेला ट्रम्पेट मुद्दाम बनवून घेतला.

अवांतर: १९५६ मध्ये अमेरिकन सरकारने त्याला बँड घेऊन दौऱ्यावर पाठवलं, तेव्हाचा कराचीतला फोटो जरूर बघा. रस्त्यावर मांडी घालून बसलाय, शेजारी पुंगीवाला गारुडी, समोर नाग.

---

पिंगुळीकर

मी कुडाळजवळचा. आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या घरांत कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. हा धागा वाचताना डोळ्यासमोर तेच येत होतं.

लहानपणी आम्ही खेळ बघायला पुढे बसायचो नाही, पडद्याच्या बाजूला जाऊन उभे राहायचो. तिथून दोरे दिसत, हात दिसत. एकदा बाहुली नाचत होती आणि दोरा धरणाऱ्याचे पायही त्याच ठेक्यावर हलत होते, पायाखालची माती उडत होती. त्याला कळतही नसावं. समोरच्या लोकांना फक्त बाहुली दिसत होती. मला मात्र ते पाय अजून आठवतात. फ्रँक ऑझचेही पाय त्या फळ्यांखाली हलत असतील का, असा विचार आला.

---

उत्तर_लंडन

पिंगुळीकर, किती छान लिहिलंत. यावरून 'झपाटलेला' आठवला. तात्या विंचू म्हटलं की आपण एकच जण डोळ्यासमोर आणतो. पण तो बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. ॲनिमलचंही तसंच, चालवणारा एक, वाजवणारा दुसरा. पाध्यांकडे वडिलांपासून आलेला अर्धवटराव आहेच. आपल्या पिढीला बोलक्या बाहुल्यांनी मोठ्यांची भाषा बोलणं नवं नव्हतं.

---

आल्तिनो

बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते.

माझे वडील गोव्याचे, ट्रम्पेट वाजवायचे. गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकले आणि मुंबईला आले. संध्याकाळी हॉटेलात नाचाच्या बँडमध्ये, सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. त्या पिढीची बहुतेक मंडळी अशीच जगली. चिक चॉकलेट यांचं नाव ऐकलं असेल, आल्दोण्याचे, त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांचे ते सहाय्यक होते. 'अलबेला'तल्या गाण्यांना जो झोल आहे, जे ब्रास अंगावर येतं, ते हवेतून आलं नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांचं नाव १९७७ मध्ये एका गाण्यामुळे घराघरांत पोचलं, पण किती जणांना ते खऱ्या माणसाचं नाव आहे हे ठाऊक होतं?

माझ्या वडिलांचं नाव कुठेच नाही. एका फार गाजलेल्या गाण्यात सुरुवातीची आठ बार त्यांची आहेत. लग्नात, गणपतीत, रिक्षात वाजतं ते. कंपनीने तबकडीवर गायक, संगीतकार, गीतकार एवढंच छापलं. त्यांना त्या सकाळचे पैसे मिळाले, तेही दोन महिन्यांनी. घरात ते गाणं लागलं की आई रेडिओचा आवाज वाढवायची आणि वडील उठून गॅलरीत जायचे. मला वाटायचं त्यांना गाणं आवडत नाही. फार उशिरा कळलं, त्यांना तिथला एक स्वर जरा चढा लागलाय असं वाटायचं आणि तो त्यांना ऐकवत नव्हता.

रॉनी व्हेरेलचं नाव तुम्ही धाग्यात लिहिलंत, जन्मसालासकट. ते वाचून डोळे भरून आले.

---

शुद्ध_मध्यम

आल्तिनो ताई, वरचा माझा प्रतिसाद तसाच ठेवतो, पण आता तो लिहिला नसता. मी पायरीचं बोललो ते ज्याचं नाव मोठं आहे त्याच्यासाठी. पलीकडे बसलेल्याचा मी विचारच केला नव्हता. ती लढत आज पुन्हा ऐकली, डोळे मिटून. रिचचे तुकडे ओळखीचे वाटले. दुसऱ्या बाजूचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

---

तुतारी

ताई, ते गाणं कुठलं हे इथे सांगणार नसाल तर व्यनि (खासगी निरोप) करा. त्या आठ बार मला बसवायच्या आहेत. आणि तो चढा स्वर असेल तसाच वाजवीन.

---

साइडऱ्हिदम

आल्तिनो ताई, काय लिहू. मी ऑर्केस्ट्रात तुंब्यावर असायचो तेव्हा हिंदी सिनेमातले तालवादक कावस लॉर्ड यांचे ठेके तसेच्या तसे उचलायचो. ते लॉर्ड काकांचे आहेत, हे मला दहा वर्षांनी एका म्हाताऱ्या बोंगोवाल्याने सांगितलं. तोवर मी ते 'गाण्यातले' समजत होतो.

भाच्याला परवा पुन्हा बसवलं, या वेळी पडदा बंद करून, फक्त आवाज. त्याला सांगितलं, तीनताल ताईंनी लिहिलंय तसं सोळा मोज आणि कोणता तुकडा कुणाचा ते सांग. पहिल्यांदा तीन ठिकाणी चुकला. दुसऱ्यांदा एका ठिकाणी. व्हेरेलचा रोल बंद होताना किंचित कोरडा वाटतो, त्यावरून ओळखतो म्हणाला. मला ते अजून ऐकू येत नाही. मी उद्या हेडफोन लावून ऐकणार आहे.

---

आल्तिनो

तुतारी, व्यनि केलाय.

वडिलांबरोबर वाजवणारे एक काका अजून माहीमला आहेत, नव्वदीचे, ट्रॉम्बोन वाजवायचे. कान अधू झालेत, पण गाण्याचं नाव मोठ्याने सांगितलं की कोण कुठे बसलं होतं ते खुर्चीनिशी सांगतात. रविवारी चर्चमधल्या मासनंतर वही घेऊन जाते. जी नावं मिळतील ती इथेच लिहीन.